‘डार्क साइड’ची कोणती एलपी ठेवावी? पहिली बाजू संपताना ठरलं

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या माझ्याकडे आजवर चार एलपी आल्या. आज दोन उरल्यात, आणि त्यातली एक मी फक्त पाहुण्यांना दाखवायला काढतो. गेलेल्या दोन कुणाच्या तरी घरी सुखात असतील, त्यांच्यावर माझा राग नाही. पण यातली कोणती घेऊ, असं गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी विचारलं आणि दर वेळी मी अर्धा तास बोलत बसलो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

१९७३ पासून हा अल्बम कुठे कुठे आणि किती वेळा निघाला, याची वही ठेवणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही. माझ्याच सुईखाली पुरेशा वेळा फिरलेल्या प्रतींबद्दलच बोलतो: सत्तरच्या दशकातली ‘हार्वेस्ट’ कंपनीची जुनी ब्रिटिश, १९७९ची मोबाइल फिडेलिटी कंपनीची हाफ-स्पीड (म्हणजे काय ते पुढे सांगतो), २००३ची तिसाव्या वर्षाची, आणि २०१६ची. २०२३चं रीमास्टर मित्राकडे ऐकलं, त्यामुळे त्यावर जपूनच बोलेन. क्वाड्रोफोनिकच्या, म्हणजे चार स्पीकरांवर वाजणाऱ्या आवृत्तीच्या, वाटेला गेलो नाही. दोन स्पीकरांची जागा ठरवतानाच घरात पुरेसं बोलून झालं होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. या तबकड्या सारख्या जोराने कापलेल्या, म्हणजे खाचेत आवाज कोरलेल्या, नाहीत. जी जरा मोठ्याने वाजते ती पहिल्या दहा सेकंदांत बाजी मारते आणि आपण फसतो. मी दर वेळी ‘ब्रीद’ गाण्यातला गायक-गिटारवादक गिलमोरचा पहिला शब्द कानाला सारखा लागेपर्यंत व्हॉल्यूम फिरवायचो, मगच ऐकायला बसायचो. मीटर लावलेला नाही. तेव्हा ‘माझ्या कानाला’ हे शब्द पुढच्या प्रत्येक वाक्यात आहेतच असं समजा.

जुन्या ब्रिटिश प्रतीपासून सुरुवात करतो, कारण सगळे तिच्याच मागे असतात. लेबलवर निळा भरीव त्रिकोण असला की ती पहिल्या खेपेची, आणि मग तिची किंमत ऐकून आपण विषय बदलतो. माझी त्यानंतरची आहे, नुसती कड असलेल्या त्रिकोणाची. तरी आवाज काय आहे! ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळं ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टेपवर घेतली होती, तीही या अल्बमसाठी नव्हे, तर क्वाड्रोफोनिक आवाजाचं प्रात्यक्षिक दाखवायला. या प्रतीत त्यातलं प्रत्येक घड्याळ आपापल्या जागी, आपापल्या लाकडात वाजतं. त्यानंतर ड्रमर मेसनचे रोटोटॉम, म्हणजे सूर लावता येणारे छोटे ड्रम, येतात. त्यांचं कातडं ताणलेलं ऐकू येतं, असं लिहिलं तर तुम्ही हसाल, पण मला तसंच वाटतं. हा गुण पुढच्या कुठल्याही आवृत्तीत मला तितका सापडला नाही, हे प्रामाणिकपणे आधीच कबूल करतो.

मग ती मी का वाजवत नाही? पहिल्या बाजूच्या शेवटच्या चार-साडेचार मिनिटांमुळे.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’. रिक राइटचा पियानो, ॲबी रोड स्टुडिओच्या दरवानाचे दोन शब्द, आणि मग क्लेअर टोरीचा आवाज. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला बोलावलं, शब्द नाहीत म्हणून सांगितलं, काही टेक घेतले आणि ३० पौंड हातावर ठेवून निरोप दिला. त्या टेकांमधून जुळवलेला तो आवाज एलपीवर नेमका सगळ्यात वाईट जागी येऊन पडलाय.

का, ते तुम्हाला ठाऊक असेल, तरी आकडे डोळ्यांसमोर असलेले बरे. तबकडी ३३⅓ च्याच वेगाने फिरत राहते, पण सुई आत आत सरकते तसा एका फेऱ्याचा घेर लहान होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ पोचेपर्यंत ती २१-२२ वर येते. म्हणजे तीच तान निम्म्याहून कमी जागेत कोंबायची. जोराचा, उंच पट्टीतला आवाज इथे सुईला वळणं झेपू देत नाही. दुसरी बाजू तर आणखी लांब, २३ मिनिटांच्या पुढे, आणि तिच्या शेवटी ‘एक्लिप्स’चा सगळा गजर. पण तिथे ऑर्गन, ड्रम, कोरस अशी गर्दी असते. गर्दीत थोडी खरखर खपून जाते. पियानोवर एकटीच बाई उभी असेल तर काहीच खपत नाही.

माझ्या ब्रिटिश प्रतीत टोरी वरच्या सुरात गेली की तिच्या आवाजाला कागदाची किनार लागायची. हळू गाताना सगळं ठीक. जोर लावला की लगेच चर्र, जणू कुणी गाण्याच्या मागे पतंगाचा कागद धरलाय. बाकी तबकडी तर काळीभोर चमकणारी. विकणाऱ्याने ‘जवळजवळ नवी’ म्हणून दिली होती आणि डोळ्यांनी पाहिलं तर ते खोटं नव्हतंच.

मी दोष स्वतःकडे घेतला. महिनाभर रोज रात्री प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन जुळवायची पट्टी, घेऊन बसायचो. आधी बेअरवाल्ड मांडणीने, म्हणजे केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर कोनाची चूक शून्य. मग स्टीव्हन्सनने, तिचा आतला बिंदू ६०.३ वर येतो आणि शेवटच्या गाण्याला फायदा होतो. सुईचा भार दशांश ग्रॅमने वाढवला, परत उतरवला. अँटिस्केटिंग, म्हणजे सुईचा दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला ताण, फिरवून पाहिलं. शेवटी साधी लंबगोल सुई काढून बारीक कडेची मायक्रोलाइन आणली, ते अर्थात घरच्यांना दोन आठवड्यांनी कळलं. खरखर निम्मी झाली, गेली नाही. तबकडी धुतली. दुसऱ्यांदा धुतली. ‘ब्रीद’ आणखी सुंदर वाजायला लागलं, टोरी होती तिथेच.

मग एका मित्राने त्याची २००३ची प्रत आणली. तीच सुई, तीच मांडणी, तोच व्हॉल्यूम. मी मुद्दाम थेट शेवटच्या गाण्यावर सुई टेकवली. टोरी वर गेली, आणखी वर गेली, आणि आवाज फाटला नाही. मित्र काहीतरी बोलत होता. मी हाताने त्याला थांबवलं.

तेव्हा कळलं की माझ्या टोनआर्मची, म्हणजे सुईच्या दांड्याची, काही चूक नव्हती. पन्नास वर्षांत त्या जुन्या प्रतीवर कुणाची तरी जड, झिजलेली सुई फिरून गेली होती आणि तिने नेमक्या याच ताना खरवडल्या होत्या. वरून दिसत काही नाही. धुऊन जात नाही. जुनी प्रत घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: चमक बघू नका, पहिली बाजू शेवटून ऐका. ऐकू देत नसतील तर मन घट्ट करून ती सोडून द्या.

हाफ-स्पीडची गोष्ट वेगळी. टेप आणि खाच कोरणारं यंत्र, म्हणजे कटिंग लेथ, दोन्ही अर्ध्या वेगाने चालवतात, म्हणजे उंच सुरांची वळणं कोरायला कटरला दुप्पट वेळ मिळतो. १९७९ची ही आवृत्ती स्टॅन रिकरने कापली आणि ती जपानमध्ये दाबली गेली. पहिल्यांदा लावली तेव्हा मी अक्षरशः उडालो. ‘मनी’मधली नाणी टेबलावर पडतात. ‘ऑन द रन’मध्ये पावलं खोलीच्या एका भिंतीकडून दुसरीकडे पळतात, आणि पार्श्वभूमी इतकी शांत की सुरुवातीचे हृदयाचे ठोके कुठून सुरू झाले ते कळत नाही. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र लक्षात आलं की झांजा जरा जास्तच पुढे येतात, खाली बास भरदार, आणि मधला गिलमोर दोन पावलं मागे सरकलाय. टोरीचा आवाज इथे फाटत नाही, पण त्याला एक चकाकी आहे आणि ती शेवटी शेवटी टोचते. हा अर्थात माझ्या स्पीकरांचाही दोष असू शकतो, ते मुळातच वरच्या बाजूला जरा तिखट आहेत. ज्याचे स्पीकर मवाळ आहेत त्याला कदाचित हीच सगळ्यात आवडेल आणि त्याच्याशी मी वाद घालणार नाही. मला पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकल्यावर कान थकल्यासारखे वाटायचे. विकली.

२००३ची प्रत डग सॅक्स आणि केविन ग्रे यांनी मूळ ॲनालॉग टेपवरून कापली. ती ऐकताना पहिल्या पाच मिनिटांत काहीच विशेष वाटत नाही, हे सांगायला हवं. कुठलंच वाद्य अंगावर येत नाही. घड्याळं जुन्या प्रतीइतकी लाकडी नाहीत, रोटोटॉम थोडे कोरडे. पण ‘अस अँड देम’मधला डिक पॅरीचा सॅक्सोफोन श्वासासकट येतो, आणि शब्दांचा प्रतिध्वनी विरताना शेवटपर्यंत मोजता येतो. ‘ग्रेट गिग’च्या साधारण साडेतीन मिनिटांनंतर, टोरी थकून खाली उतरलेली असताना, मागे एका बाईचं अगदी हळू पुटपुटणं आहे: मरणाला घाबरते असं मी कधी म्हटलंच नव्हतं, अशा अर्थाचं. जुन्या प्रतीत ते मी वर्षानुवर्षं ऐकलंच नव्हतं, तिथे खाचेचीच कुजबुज चालू असायची. या प्रतीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्या खोलीतून कुणी बोललं असं वाटून मी मागे वळून पाहिलं.

आता २०१६. जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांचं काम, सहज मिळणारी प्रत. नेटकी आहे. खालचा बास २००३पेक्षा घट्ट, आवाज मोकळा, आणि पहिल्या बाजूचा शेवट स्वच्छ. तिच्यात दोष काढायला बसलो तर मलाच शोधावा लागेल. फार तर एवढंच म्हणेन की सगळं जरा इस्त्री केल्यासारखं वाटतं. ‘टाइम’मधल्या सोलोत गिलमोरची गिटार ओरडायला हवी तिथे ती ठामपणे बोलते. हे मला दोनदा जाणवलं, तिसऱ्यांदा नाही, तेव्हा यावर फार भार टाकू नका. २०२३चं रीमास्टर मित्राच्या घरी, त्याच्या मोठ्या स्पीकरांवर ऐकलं आणि आवडलं. पण ते मला आवडलं की त्याचे स्पीकर, हे अजून ठरलेलं नाही.

२०२४ला एक पारदर्शक आवृत्तीही आली. दोन तबकड्या, प्रत्येकीची एकच बाजू वाजते, दुसरीवर चित्र छापलेलं. दिसायला देखणी. मी ती ऐकलेली नाही, आणि उलटायच्या जागी तबकडीच बदलायची हे माझ्या आळसाला मानवणारं नाही.

तर घ्यायची कोणती? तुम्ही आता सुरुवात करत असाल, सुई साधी लंबगोल असेल आणि शोधाशोध करायला वेळ नसेल, तर २०१६ची घ्या आणि हा लेख विसरा. जुनी ब्रिटिश आधी ऐकून, शेवटच्या गाण्यासकट ऐकून मिळत असेल तर ती सोडू नका, तसली घड्याळं पुन्हा कापली गेलेली नाहीत. अशी प्रत मला तरी अजून भेटलेली नाही. आणि २००३ची समोर आली, पाकीट थोडं चुरगळलेलं असलं, पोस्टर नसले तरी, मी दुसरा विचार करणार नाही. मित्राची ती प्रत मी त्याच्याकडून कशी मिळवली ते सांगत नाही. २०१६ची माझी प्रत आणि वर आणखी दोन तबकड्या गेल्या, एवढंच.

एक खोट मात्र २००३च्या प्रतीत आहे, आणि ती कानाला कळत नाही. टोरीने २००४ला दावा लावला, पुढच्या वर्षी तो मिटला, आणि तेव्हापासूनच्या आवृत्त्यांवर ‘ग्रेट गिग’च्या श्रेयात राइटच्या शेजारी तिचंही नाव छापतात. माझी प्रत त्याच्या दोन वर्षं आधीची, म्हणून लेबलवर एकटा राइट. मित्र म्हणाला, पेन्सिलने लिही की. लेबलवर पेन्सिल टेकवायला काही हात धजला नाही. एका चिठ्ठीवर तिचं नाव लिहून ती आतल्या पाकिटात सरकवून ठेवलीय. तबकडी काढताना दर वेळी तीच आधी बाहेर पडते.