शाळेचे जेवण की घरचा डबा? निवड करणाऱ्या पालकांसाठी

जून महिन्यात गणवेश आणि वह्यांच्या गडबडीत शाळेकडून एक छोटासा अर्ज येतो: मधल्या सुट्टीतले जेवण शाळेचे घेणार की डबा देणार? आम्ही नाशिकच्या इंदिरानगरात राहतो आणि आमची मुलगी आता तिसरीत आहे. पहिलीचे पूर्ण वर्ष तिने शाळेचे जेवण घेतले, दुसरीचे पूर्ण वर्ष घरचा डबा नेला. त्यामुळे दोन्ही बाजूंबद्दल चार शब्द सांगता येतील एवढा अनुभव गाठीशी आहे. अर्थात तो एका घराचा, एका मुलीचा आणि एका शाळेचा अनुभव आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

वेफर्स आणि वडापावचा प्रश्न मी येथे आणत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. एक्कावन्नाव्या मीटरवर कोण उभे असते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पौष्टिकतेच्या दृष्टीने कोणते जेवण सरस, हे ठरवण्यासाठी काहीतरी माप हवे होते. ते मी सरकारी आणि अनुदानित शाळांच्या योजनेतून उसने घेतले. 2021 पासून तिचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे असले तरी आपण तिला अजून शालेय पोषण आहारच म्हणतो. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी तिने दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असा कच्चा शिधा ठरवला आहे आणि त्यातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. आमच्या खासगी शाळेला हे बंधन नाही. परंतु घरातल्या लहान वजनकाट्यावर मी एकदा हा शिधा मोजून पाहिला, तेव्हा आपल्या डब्याबद्दलचा माझा अभिमान थोडा उतरला. भाजी पुरेशी होती, तेल बहुधा जास्तच होते, आणि डाळ मात्र शून्य होती. वरण दप्तरात सांडते म्हणून आपण ते देत नाही आणि पोळी-भाजीलाच पूर्ण जेवण समजत राहतो. शाळेच्या ताटात वरण रोज असायचे. हा मुद्दा मी विनातक्रार शाळेच्या पारड्यात टाकतो.

गरम जेवणाचा मुद्दाही शाळेचाच. नाशिकच्या जानेवारीत सकाळी साडेसहाला पोळीला लावलेले तूप अकरा वाजेपर्यंत थिजून पांढरे होते, आणि अशी पोळी मुलांना आवडत नाही, यात त्यांचा दोष नाही. शिवाय पंगतीचा गुण वेगळाच असतो. घरी दुधीभोपळ्याकडे न पाहणारी आमची मुलगी शाळेत शेजारच्या मैत्रिणीकडे पाहून तो खायला शिकली, हे मी नाकारत नाही. खर्चाचा हिशेबही करून पाहिला. सकाळच्या घाईची किंमत धरली तर फरक फारसा उरत नाही.

एवढे सगळे असूनही आम्ही दुसरीत डब्याकडे वळलो, त्याचे कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल. शाळेच्या जेवणात काहीच परत येत नाही.

वर्षभर रोज संध्याकाळी आमच्या घरी एकच संवाद होत असे. “आज काय जेवलीस?” “भात.” “आणि भाजी?” “होती.” “खाल्लीस का?” “थोडी.” महिन्याचा छापील तक्ता फ्रिजवर लावलेला होता, त्यात सोमवारी मटकीची उसळ आणि मंगळवारी मेथी लिहिलेली होती, परंतु ताटात काय वाढले हे तक्ता सांगतो, पोटात काय गेले हे सांगत नाही. वर्गाच्या बाईंना विचारले तर त्या प्रेमाने म्हणत, “सगळं खाते हो, काही काळजी करू नका.” त्या खोटे बोलत होत्या असे मला मुळीच वाटत नाही. जेवण संपले की मुले ताटे एका मोठ्या टोपात रिकामी करतात, मावशी ती उचलून नेतात, आणि एवढ्या ताटांमधले एका मुलीचे उरलेले कोणाला दिसणार? पालकसभेच्या निमित्ताने एकदा मधल्या सुट्टीत शाळेत होतो, तेव्हा लांबून पाहिले. आमच्या मुलीने पुलावातला एकेक वाटाणा वेचून वाटीखाली दडवला होता आणि वरून ताट अगदी स्वच्छ दिसत होते. त्या दिवसापासून तक्त्यावरचा माझा विश्वास उडाला.

डबा परत येतो आणि उघडला की बरेच काही कळते. भाजी संपून पोळी उरली असेल तर भाजी कमी पडली. पोळी संपून गवार तशीच असेल तर गवार आवडली नाही. प्रत्येक गोष्ट अर्धी-अर्धी उरली असेल तर वेळ अपुरा पडला, आणि वीस मिनिटांच्या सुट्टीत हात धुण्यासाठी रांग असली की तो पडतोच. अशा दिवसांनंतर आम्ही पोळीऐवजी घडीचे छोटे रोल देऊ लागलो. काहीच खाल्लेले नसेल तर बहुतेक वेळा वर्गात कोणाचा तरी वाढदिवस झालेला असतो.

डब्याचा सर्वांत वाईट दिवसही याच जातीचा होता. एका थंडीच्या सकाळी घाईत वाफाळती बटाट्याची भाजी स्टीलच्या डब्यात भरली आणि घट्ट झाकण लावले. भाजी निवली, आतली वाफ जिरली, झाकण असे काही बसले की मुलीला ते उघडेना, आणि ती स्वभावाने भिडस्त असल्यामुळे तिने मावशींना सांगितलेही नाही. डबा जसाच्या तसा घरी आला. त्या दिवशी शाळेचे जेवण असते तर ती उपाशी राहिली नसती, हे खरे आहे. पण मला ते त्याच संध्याकाळी कळले, आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी परातीत पसरून निवल्याशिवाय झाकण लावायचे नाही, असा नियम झाला. चूक आमच्या स्वयंपाकघरातली होती, म्हणून ती दुरुस्त करता आली.

डाळीची उणीवही अशीच हळूहळू भरून काढली. आठवड्यातून दोनदा मुगाची धिरडी, एकदा परतून कोरडी केलेली मोडाची मटकी, एकदा भाजणीचे थालीपीठ. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, आपल्याकडे सहज मिळते. तिची भाकरी डब्यात कडक होते, परंतु गूळ घालून केलेले छोटे लाडू चालतात. भाज्या आम्ही गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणतो, आणि मुलीला बरोबर नेले तर तिने स्वतः निवडलेली भाजी डब्यातून परत येण्याचे प्रमाण कमी असते, असे माझे निरीक्षण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळ्या डबीत द्राक्षे देतो. ती मात्र मिठाच्या पाण्यात ठेवून, नीट धुऊन आणि पूर्ण कोरडी करून द्यावीत, नाहीतर तळाशी पाणी सुटते.

आई-वडील दोघेही सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जात असतील, तर सकाळच्या डब्याचा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. अशा घरांनी शाळेचे जेवण निःशंकपणे घ्यावे. मूल काय खाल्ले ते घरी येऊन सविस्तर सांगणारे असेल, तर माझी मुख्य अडचण तुम्हाला जाणवणारही नाही. फक्त अर्जावर खूण करण्यापूर्वी एकदा मधल्या सुट्टीत पंगत पाहू देतील का, एवढे शाळेला विचारावे, आणि ताटांपेक्षा त्या टोपात काय पडते तिकडे लक्ष द्यावे. ज्या घरी सकाळी अर्धा तास निघू शकतो आणि मूल कमी बोलणारे आहे, त्यांना मी डबाच सुचवेन.

आमच्याकडे एक तडजोड मात्र झाली आहे. मुलीच्या हट्टाखातर शुक्रवारी शाळेच्या जेवणाचे कुपन घेतो, कारण त्या दिवशी पुलाव असतो. त्यातले वाटाणे ती आता खाते, असे ती सांगते.