सोलापुरात सात रस्त्याजवळची मॅट पेंटिंगची वीकेंड बॅच: पैसे वसूल, पण लॅपटॉप स्वतःचा न्या

आधीच सांगतो, मी फ्लेक्सवाला आहे. वाढदिवस, उद्घाटन, दहावीचं अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं करतो. त्यामुळं फोटोतून माणूस कापून दुसरीकडं चिकटवणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती, फोटोशॉपच्या पेन टूलनं डोकी कापण्यात सोलापूरच्या फ्लेक्सवाल्यांचा हात कोण धरणार. पण आपल्या बॅनरवर साहेबांच्या तोंडावर उजेड डावीकडून, मागं उभ्या कार्यकर्त्यांवर उजवीकडून आणि मागच्या गडावर डोक्यावरून पडलेला असतो आणि कुणाला काय वाटत पण नाही, कारण बॅनरवर तोंड ओळखू आलं की काम झालं. मॅट पेंटिंगमध्ये तेच चालत नाही. पिक्चरमधली जी जागा जगात नाहीच, किंवा आहे पण तिथं जाऊन शूटिंग करणं परवडत नाही, ती आठ-दहा ठिकाणचे फोटो जोडून अशी उभी करायची की बघणाऱ्याला जोड सापडू नये. म्हणून गेलो. क्लासमधल्या काही गोष्टींबद्दल तक्रार पण लिहिणार आहे म्हणून क्लासचं आणि सरांचं नाव टाकत नाही, सात रस्त्याच्या आसपास चौकशी केली तर कळेल.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालूच केला नाही, त्यावर बॅचमधली अर्धी पोरं नाराज. सरांनी थोडा इतिहास सांगितला, तो मला आवडला. पूर्वी कॅमेऱ्यासमोर काच उभी करायचे आणि जेवढा भाग हवा तेवढा काचेवरच रंगवायचे, 1907 मध्ये नॉर्मन डॉन नावाच्या माणसानं कॅलिफोर्नियातल्या पडझड झालेल्या जुन्या मिशनच्या इमारती अशाच काचेवर दुरुस्त करून फिल्मवर उतरवल्या. फोटोशॉप आलं 1990 मध्ये आणि त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, आले 1994 च्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये, म्हणजे चार वर्षं लोकांनी लेयरशिवाय काम केलं, मला तर विचार करूनच घाम फुटला. आपल्याकडं कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात शिरले, ते पण याच खानदानातलं काम म्हणायचं.

मग सरांनी प्रिंट काढलेले फोटो वाटले, पट्टी आणि लाल पेन दिलं आणि म्हणाले क्षितिजाची रेघ शोधा. होम मैदानाचा फोटो होता, गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाचा. सपाट जमिनीवर उभं राहून आपल्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढला की जवळच्या माणसाचे डोळे आणि लांबच्या माणसाचे डोळे जवळपास एकाच रेघेवर येतात, फक्त लांबच्याचे पाय वर सरकलेले दिसतात. ती रेघ म्हणजेच क्षितिज. आता याच्यात कुणी गच्चीवरून काढलेला माणूस आणून ठेवला तर तो कितीही बारीक कापला तरी घसरल्यासारखाच दिसणार, कारण त्याची रेघ वेगळी आहे. इतकी वर्षं गिऱ्हाईक म्हणायचं 'काहीतरी चुकायलंय पण काय ते कळंना', त्याचं उत्तर मला त्या लाल रेघेत मिळालं. खरं सांगतो, या एका तासासाठी फी दिली असं समजलो तरी चालतंय.

नंतर किल्ल्यावर नेलं. भुईकोट किल्ला आपण लहानपणी सहलीला बघितलेला, पण सरांनी तिथं बघायला लावलं ते बुरुज नाहीत, बुरुजाची सावली. दुपारी बाराच्या उन्हात काढलेला दगड कशातच बसत नाही, कारण सावली काळी कुळकुळीत आणि उजेड पांढरा फटक, त्याला दुसऱ्या दिशेचा उजेड देताच येत नाही. म्हणून भिंती, दगड, जमीन, पत्रे असलं टेक्श्चर ढगाळ दिवशी काढून ठेवायचं, सावली पुसट असते, मग उजेड आपण पाहिजे तिकडून रंगवू शकतो. (सोलापुरात ढगाळ दिवस मिळतात किती हा वेगळा विषय, म्हणून पावसाळ्यात मोबाईल खिशात तयार ठेवायचा.) आणि दिशा असलेला उजेड हवा असेल तर एकच बुरुज सकाळी काढायचा आणि संध्याकाळी परत काढायचा, सूर्य कुठं होता, लेन्स किती होती ते लिहून ठेवायचं. किल्ल्याला लागून सिद्धेश्वर तलाव आहे त्यामुळं पाण्यातलं प्रतिबिंब पण शिकायला मिळालं. पाण्यात दिसणारा भाग म्हणजे वरचा फोटो नुसता उलटा केलेला नसतो, पाण्यात आपल्याला कमानीची खालची बाजू दिसते जी वर दिसत नाही. मला हे माहीतच नव्हतं, बाकी कुणालाही नव्हतं.

आता खरी गंमत. गृहपाठ होता, किल्ल्याचा बुरुज उचलून एका धुकट डोंगराच्या फोटोत लांबवर ठेवायचा. माझं कटिंग एक नंबर, मास्क (नको तो भाग न पुसता झाकायचा पडदा) पण स्वच्छ, तरी बुरुज स्टिकर लावल्यासारखा दिसत होता. सर मागं येऊन उभे राहिले, फक्त म्हणाले, 'आयड्रॉपर घे आणि तुझ्या बुरुजाच्या सावलीवर टेकव.' आयड्रॉपर म्हणजे टेकवू तिथल्या रंगाचे आकडे सांगणारं टूल, आकडा जितका लहान तितका रंग गडद. टेकवलं तर लाल 12, हिरवा 14, निळा 15. मग म्हणाले, 'आता तेवढ्याच लांबच्या झाडाच्या सावलीवर टेकव.' तिथं 84, 96, 110. म्हणजे मूळ फोटोत तेवढ्या अंतरावर काळा रंगच नाही, मध्ये जी हवा आहे, धूळ आहे, बाष्प आहे, तिनं सगळ्यात गडद जागा पण उजळ आणि निळसर केलेली. मग कर्व्ह्ज, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करायची रेघ, उघडून तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला ठिपका सरळ वर उचलायचा, लाल चॅनेलमध्ये थोडा, हिरव्यात जास्त, निळ्यात त्याहून जास्त, आकडे जुळेपर्यंत. एवढं केल्याबरोबर बुरुज सुम्म जाऊन डोंगरात बसला. मागचा पोरगा म्हणाला, 'काय केलास बे?' काय नाही, काळं उचललं. सगळ्यात वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवून चालू-बंद करायची सवय पण तिथंच लागली, रंग बाजूला गेला की चूक लगेच उघडी पडते.

झाडं कापायचं पण असंच. पेन टूलनं पान न् पान कापत बसलास तर म्हातारा होशील, असं सर म्हणायचे. आकाशासमोरचं झाड असेल तर चॅनेल्समध्ये (फोटोतले लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दिसतात तिथं) जाऊन निळा चॅनेल बघायचा, आकाश पांढरं आणि झाड काळं दिसतं, त्याची कॉपी करून लेव्हल्सनं काळं-पांढरं आणखी कडक करायचं आणि तोच मास्क. इरेझरला हात लावला की सर ओरडायचे, कारण पुसलेलं परत येत नाही आणि मास्क कधीही परत उघडता येतो. शेवटी सगळ्यावर एकसारखा बारीक नॉईज, म्हणजे दाणे, मारायचा, कारण एक फोटो मोबाईलचा, एक डीएसएलआरचा, एक नेटवरचा, तिघांचे दाणे वेगवेगळे असतात आणि डोळा ते पकडतो. नेटवरून फोटो घेताना पण लायसन बघून घ्यायचं, गूगलवर दिसला म्हणून उचलायचा नाही, हे त्यांनी दोन-तीनदा सांगितलं, फ्लेक्स धंद्यात हे ऐकून लोक हसतील ते सोडा.

एका पोरानं प्रोजेक्टमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी घेतली, जी 2023 च्या जूनमध्ये विमानतळासाठी पाडली. त्याच्याकडं जुने फोटो होते. चिमणीभोवती त्यानं पाण्यात बुडालेलं शहर उभं केलं, गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी, मधून नावा चाललेल्या. चिमणीचा खालचा भाग पाण्याच्या वाफेत विरलेला, वरचा स्पष्ट, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबात चिमणी बरोबर बसलेली. पूर्ण बॅचमधलं सगळ्यात चांगलं काम ते. चिमणी पाडायला हवी होती की नाही यावर वर्गात अर्धा तास भांडण झालं ते वेगळंच.

आता तक्रारी.

मशीन रद्दी आहेत. आठ जीबी रॅममध्ये 16 बिटची चार हजार पिक्सेलची फाईल, वीस-पंचवीस लेयर, सेव्ह मारलं की खाली जाऊन चहा पिऊन यायचं. युपीएस नावाला आहेत, उन्हाळ्यात लाईट गेली की गेलं काम. मी दुसऱ्या आठवड्यापासून घरचा लॅपटॉप आणि साधा पेन टॅब्लेट नेला, सरांनी काही हरकत घेतली नाही. पेन टॅब्लेट भारी घ्यायची गरज नाही, सुरुवातीला छोटा चालतो, पण माऊसनं मास्क रंगवत बसू नका.

दुसरं, बाहेरच्या बोर्डावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलंय ते काढून टाका राव. काम मुंबई, पुणे, हैदराबादच्या स्टुडिओत आहे आणि तिथं सर्टिफिकेट कुणी बघत नाही, शोरील, म्हणजे आपल्या कामाचा छोटा व्हिडिओ, बघतात. बरेच नवीन लोक आधी रोटो (व्हिडिओतली माणसं-वस्तू फ्रेम न् फ्रेम कापणं) आणि पेंटच्या (नको त्या गोष्टी पुसणं) कामावर घुसतात आणि तिथून पुढं सरकतात, हे सरांनी स्वतः वर्गात खरं खरं सांगितलं, मग बोर्ड कशाला खोटं बोलतोय. ऑफिसमध्ये बसणाऱ्या मॅडमना विचारलं तर 'सर सांगतील', आणि सर म्हणतात 'ऑफिसला विचारा'.

तिसरं, कॅमेरा प्रोजेक्शन शेवटच्या दोन रविवारात कोंबलंय. तयार चित्र थ्रीडीमधल्या साध्या आकारांवर प्रोजेक्टरसारखं टाकायचं आणि कॅमेरा थोडा हलवायचा, की सपाट चित्रात खोली येते. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातच शिकवलं, चांगलं शिकवलं, पण घाईत. कॅमेरा जास्त फिरवला की चित्र ताणलं जातं आणि मागचा न रंगवलेला भाग उघडा पडतो, तो आधीच रंगवून ठेवायला लागतो, एवढं समजेपर्यंत बॅच संपली. याला निदान आणखी एक महिना पाहिजे.

एआयचं विचाराल म्हणून सांगतो. जनरेटिव्ह फिल, म्हणजे निवडलेली जागा एआयनं भरून देणारं टूल, 2023 पासून फोटोशॉपमध्ये आहे, पोरं पहिल्याच दिवशी म्हणाली आता हे सगळं कशाला. सरांनी पहिला अर्धा कोर्स ते बंद ठेवलं, नंतर उघडलं. तेव्हा कळलं की त्यानं भरलेल्या तुकड्याचे काळे पण जुळत नसतात, सावली भलतीकडं जाते, आणि ते ओळखायला पण हीच नजर लागते. ज्यांनी गृहपाठ केले नव्हते त्यांना तो तुकडा छानच वाटत होता. चिल्लर कामाला, म्हणजे रस्त्यावरची वायर काढणं, आकाश थोडं वाढवणं, त्याला मी बिनधास्त वापरतो.

फी पुण्यात याच कोर्सला सांगतात त्याच्या निम्म्याहून कमी आहे, दोन हप्त्यात घेतात. फोटोशॉप अजिबात येत नसेल तर आधी दोन महिने घरी लेयर, मास्क, कर्व्ह्ज एवढं करून जा, पैसे नसतील तर ब्राऊझरमधल्या फोटोशॉपसारख्याच फोटोपीवर पण चालतंय, नाहीतर सर पुढं आणि तुम्ही मागं होणार. फोटोग्राफर, फ्लेक्सवाले, लग्नाचे अल्बम करणारे, तुम्ही डोळे झाकून जा, तुमचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. फक्त गेम बनवायला शिकवतात का असं विचारत जाणाऱ्यांनी जाऊ नका, तिथं ते नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, मशीन बदलल्या तर चार. डेमो लेक्चर फुकट असतं, रविवारी सकाळी. गाडी खाली लावू नका, शेजारचा दुकानदार हवा सोडतो. आणि खिडकीजवळचं मशीन घेऊ नका, उन्हानं स्क्रीनवरचं काळं दिसतच नाही, आणि इथं सगळा खेळ काळ्याचाच आहे.