२.४ की ५?
लातूरहून भाचीनं विचारलं, “मामा, वायफायच्या यादीत राऊटरची दोन नावं दिसतात, एक २.४ चं, एक ५ चं. लॅपटॉप कोणत्याला जोडू?” हे आकडे म्हणजे वायफायच्या रेडिओ लहरींचे दोन पट्टे, गिगाहर्ट्झमध्ये मोजलेले. घर जुनं माळवदाचं, भिंती दोन हात जाड. अशा भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ टिकत नाही, २.४ कसंबसं का होईना पोचतं. वेगाचं मात्र उलटं: राऊटरच्याच खोलीत बसलं तर ५ खरं पळतं. २.४ वर शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी गर्दी. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनलं, म्हणजे पट्ट्याचे छोटे भाग, तीनच: १, ६ आणि ११. त्यातलं मोकळं निवडलं तरी फरक जाणवतो. जुन्या लॅपटॉपवर ५ चं नाव दिसतच नसेल, तर बहुधा त्याचं वायफाय कार्डच फक्त २.४ चं आहे. बिघाड शोधत बसू नकोस. आतल्या खोलीत फॉर्म भरायला २.४, राऊटरजवळ व्हिडिओ क्लासला ५.