आवाज येतो-जातो: गिटार अँप घरी खोलावा की कारागिराकडे न्यावा?

वाजवता वाजवता आवाज बसतो, डब्यावर थाप मारली की परत येतो. अशा अँपमध्ये बहुतेक वेळा काही जळलेलं नसतं. कुठेतरी लूज काँटॅक्ट असतो, नाहीतर धातूवर गंज धरलेला असतो. पण पूर्ण बंद पडलेल्या अँपपेक्षा हा दुरुस्तीला वाईट, कारण कारागिराच्या टेबलावर तो तासभर छान वाजतो आणि घरी आणला की पुन्हा तेच. म्हणून अँप कोणाच्याही हाती द्या, दोष कुठे आहे याचा शोध आधी घरीच घ्या. त्यासाठी अँप उघडावा लागत नाही.

केबल बदला, गिटार बदला, मधले पेडल काढून थेट जोडा. तरीही तेच झालं तर अँपच्या पाठीमागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोकं आहेत का ते बघा. त्या दोघांत एक छोटी केबल जोडून वाजवा. आवाज टिकला तर चोर तिथेच सापडला. रिटर्नच्या जॅकमध्ये एक स्प्रिंगची पट्टी असते. केबलची पिन घातलेली नसते तेव्हा सिग्नल या पट्टीतूनच पुढे जातो. वर्षानुवर्षं तिथे कोणी पिन घालत नाही, मग पट्टी काळवंडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जरा लवकरच. उपाय घरचाच आहे: अँप बंद करून जॅकमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारा आणि पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत क्लीनरची विचारणा करा. नेहमीचा डब्ल्यूडी-४० मात्र नको. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते.

बटण फिरवताना खरखर येत असेल तर हाच क्लीनर चालतो, पण बहुतेक अँपमध्ये तो पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे बटणामागच्या फिरत्या भागाच्या, आत पोचवायला डबा उघडावाच लागतो. इनपुटची पिन हलकेच हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅकचं सोल्डर तडकलेलं असण्याची शक्यता मोठी. हे काम घरी करायचं का, हे तुमचा अँप ट्रान्झिस्टरचा आहे की ट्यूबचा (काचेच्या व्हॉल्व्हचा) यावर ठरतं.

ट्रान्झिस्टरचा असेल, वॉरंटी संपली असेल आणि सोल्डरिंगचा हात बसलेला असेल, तर घरी करायला माझी हरकत नाही. प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या आणि स्विच-फ्यूजच्या बाजूला हात घालू नका. सोल्डरिंग कधी केलंच नसेल तर शिकायला हा अँप निवडू नका.

ट्यूब अँपची गोष्ट वेगळी. आत 300 ते 500 व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवू शकतात. इथे घरचं काम बाहेरून होईल तेवढंच. अँप बंद आणि थंड असताना प्रीअँपच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) छोट्या ट्यूब एकेक करून काढून परत नीट बसवा. चालू अँपमध्ये लाकडी पेन्सिलने त्यांच्यावर टिचकी मारा. एखादी खणखणली तर तीच बदला. 12एएक्स7 ही प्रीअँपची नेहमीची ट्यूब बदलताना बायस (ट्यूबमधला करंट जुळवणं) लावावा लागत नाही. पॉवर ट्यूब बदलायच्या असतील तर कारागीर गाठा. आणि स्पीकरची वायर काढून ट्यूब अँप चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

कारागिराच्याच हातचं काम म्हणजे फेंडर हॉट रॉड डिलक्स या ट्यूब अँपचं प्रसिद्ध दुखणं. चॅनल बदलत नाही, रिव्हर्ब (आवाजातला घुमारा) गायब होतो. आतले दोन 5 वॅटचे रेझिस्टर सतत तापून त्यांचं सोल्डर तडकतं. काम छोटं, पण बोर्ड बाहेर काढावा लागतो.

राहिला नवा अँप घेण्याचा पर्याय. छोटा प्रॅक्टिस अँप असेल आणि जॅक बदलूनही तीच तक्रार असेल तर घ्या. चांगला ट्यूब अँप मात्र लूज काँटॅक्टपायी विकू नका. अशा अवस्थेत त्याला भाव येत नाही.

कारागिराकडे जाताना तुमचीच केबल आणि गिटार न्या. आवाज गेल्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि आवाज अँप थंड असताना जातो, तापल्यावर की धक्का लागल्यावर, तेही सांगा. तापल्यावर जात असेल तर कारागिराला अँप दुकानात तासभर वाजवत ठेवायला सांगा. दोष तिथे दिसलाच नाही तर पैसे किती घेणार, हे अँप ठेवण्याआधीच विचारून घ्या.