पाच लिटरचा हायपोक्लोराइटचा कॅन: माल चांगला, लेबल अपुरं

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत मिळणाऱ्या, जंतुनाशक औषधाच्या या बिनब्रँडच्या कॅनवर ‘सोडियम हायपोक्लोराइट ५%’ असं छापलंय. म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. इथवर ठीक. पण खाली लिहिलंय, ‘बादलीला एक झाकण’, आणि घोळ तिथंच आहे. झाकणात जेमतेम १० मिली मावतं, म्हणजे अर्धा ग्रॅम. १० लिटरच्या बादलीत ते ०.००५% होतं. वास येतो, पण जंतू मरतीलच याचा भरवसा नाही.

फरशीला ०.१% लागतं. त्यासाठी १० लिटरला १० ग्रॅम, म्हणजे २०० मिली औषध घ्या आणि पाण्यानं बादली भरा. हे ओलं किमान दहा मिनिटं राहू द्या. पंचगंगेचं पाणी घरात येऊन गेलं असेल तर आधी गाळ खरवडून, धुऊन काढा. चिखलातच औषधातला क्लोरीन खर्ची पडतो.

उत्पादनाची तारीख छापलेली नाही, ही मोठी उणीव. उन्हात, उष्णतेत याची ताकद उतरते. ४% वर आलं असेल तर २०० ऐवजी २५० मिली लागेल. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला कॅन घेऊच नका. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हे चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.