जपानी मेपलच्या नावाखाली 8,850 रुपयांचा गंडा

कोकणातल्या बागवाल्यांनो, व्हॉट्सॲपवरून कोणी ‘झुकत्या फांद्यांचा जपानी मेपल’ हे शोभेचं झाड विकत असेल तर एक रुपयाही आगाऊ देऊ नका. रोपाचे 6,800, गाडीभाड्याचे 1,150 आणि ‘खास माती-खताचे’ 900, असे माझे 8,850 रुपये गेले.

पद्धत नेहमीचीच. सुंदर फोटो, गोड बोलणं, ‘शेवटचे दोन नग’. मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. गुहागरच्या खाऱ्या वाऱ्यात झाड तगेल का, हे खोदून विचारलं होतं. ‘कलमी जात आहे, उष्ण हवेसाठीच तयार केलीय,’ असं छातीठोक उत्तर आलं. कोणीही विश्वास ठेवला असता.

संताप होतो तो रोप दारात आलं त्या दिवसाचा. झुकत्या मेपलचा वाण बियांपासून तसाच्या तसा येत नाही, म्हणून त्याचं कलम करतात. कलम म्हटलं की खोडावर जोड हवाच. हापूसचं कलम घेताना जोड चाचपल्याशिवाय आम्ही खिशात हात घालत नाही, आणि इथे खोड खालपासून वरपर्यंत गुळगुळीत! फांद्या तारेने खाली ओढलेल्या. ‘वळण लागेपर्यंत सोडू नका,’ विकणारा म्हणाला. पावसाळ्यानंतर तार काढली तर फांद्या सरळ वर. दिवाळीनंतर फूल आलं, तेही जास्वंदीसारखं! पान चावलं, तर अंबाडीसारखं आंबट. लाल पानांची ही जास्वंदाची जात काडी टोचली तरी लागते.

मेपलची पानं समोरासमोर जोडीने येतात, हिची एकाआड एक. फोटोत आधी तेवढं बघा. आणि खरा मेपल मिळाला तरी आपल्या किनाऱ्यावर लावू नका. त्याला पानं गाळून कडक थंडीत विसावा लागतो. आपली थंडी पहाटे चादर ओढण्यापुरती, त्यात खाऱ्या वाऱ्याने पानं करपतात.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, ‘झाड मिळालं ना? मग फसवणूक कसली?’ झाडाऐवजी दुसरंच झाड दिलं, ही फसवणूक नाही? बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. कृषी कार्यालयात सांगितलं, शोभेची झाडं आमच्याकडे येत नाहीत. मग जायचं कुठे? एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अर्ज फिरतोय, पोच मागितली तर साहेब रजेवर.

पैसे गेले की त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मला कळेपर्यंत महिने उलटले होते. ग्राहक तक्रारीसाठी 1915 आहे. बोलणं, पावती, फोटो काही पुसू नका. त्याची जाहिरात अजून चालू आहे, फोटो तोच, भाव आता 7,500.