'कन्नडचं आम्ही बघतो, मामा': सोलरच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

बेळगावच्या उद्यमबागेत मी ३१ वर्षं लेथ चालवली. जॉब हातात आला की आधी मायक्रोमीटर, मग तोंड, अशी सवय. तरी माझ्याच सोप्यात बसून चहा प्यालेल्या माणसाचं मी काही म्हणता काही मोजलं नाही. बायको म्हणते, लिहू नका, लोक हसतील. हसू देत. तो माणूस अजून हिंडतोय, म्हणून लिहितोय.

घर अनगोळात. वडिलांनी बांधलं तेव्हा मागच्या दारी भाताची शेतं होती. बासमती फुलोऱ्याला आली की वास घरात यायचा. आता तिथं तीस बाय चाळीसचे प्लॉट आणि त्यावर तीन-तीन, चार-चार मजले. आम्हीही काही वेगळे नाही. कौलं उतरवून स्लॅब टाकला, वर एक मजला चढवला. कौलाखाली उन्हाळा निभायचा, स्लॅबखाली निभत नाही. थोरल्याचं लग्न झालं, वर दुसरा फ्रिज आला, गीझर आला, आणि पाच जुने पंखे मार्चपासून रात्रंदिवस गरगरू लागले.

कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे, हे इकडच्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. २०२२-२३ मध्ये महिन्याला सरासरी जेवढी वीज वापरलीत, त्यावर दहा टक्के धरून तेवढी फुकट. त्याहून जास्त, पण २०० युनिटांच्या आत राहिलात तर वरच्या युनिटांचेच पैसे. २०० ओलांडले की मात्र सगळं बिल तुमचं. आमची सरासरी १७०, म्हणजे १८७ पर्यंत शून्य. पहिलं वर्ष शून्यावर गेलं. मग २१०, २१८, २२५. बिल सतराशेच्या घरात जाऊन बसलं. थोडक्यासाठी सगळं जातंय ही चुटपुट मनात होती, आणि नेमकी तीच त्याला सापडली.

नोव्हेंबर २०२४. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरायचे होते. तिशीतला पोरगा, गळ्यात सूर्यघर योजनेचं नाव छापलेलं ओळखपत्र, हातात टॅब. दारातून 'नमस्कारा सर' म्हणाला. मी आतून 'कोण हो?' म्हटलं मात्र, गडी लगेच मराठीवर आला. "मामा, आपलीच माणसं की तुम्ही!" शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या गल्लीचा चित्ररथ असतो, लेझीमला तो पुढं असतो, इथपर्यंत गेला. बायकोनं चहा टाकला.

त्याचा हिशेब असा. तीन किलोवॅटचं सोलर, किंमत दोन लाख. सरकारी सबसिडी ७८,०००. आता चाळीस हजार भरायचे, राहिलेल्या एक लाख साठ हजाराचं 'योजनेतलं लोन' तो करून देणार, आणि सबसिडी आली की ती लोनला वळती करणार. बिल शून्य, उरलेली वीज हेस्कॉम, म्हणजे आमच्याकडची वीज कंपनी, विकत घेणार, करंट गेला तरी घरात उजेड. वर, या महिन्यात नोंदणी बंद होतेय.

यातलं एक खरं होतं, म्हणून बाकीचं पटलं. ७८,००० चा आकडा खरा आहे. केंद्राची ही सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० मिळतात. पण ते पैसे काम पुरं होऊन, नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा) बसून, तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. मधल्या कुणी ते 'वळते' करण्याचा प्रश्नच नसतो. आणि अर्ज आपण स्वतः, आपल्या मोबाईल नंबरवरून, राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो. नोंदणीकृत विक्रेत्यांची यादीही तिथंच असते. मला पोर्टल उघडायची गरज वाटली नाही, कारण घरात टॅब होता आणि टॅबमागं मराठी बोलणारा माणूस.

मग कागद आले. सात-आठ जागी सह्या. दोन पानं पूर्ण कन्नडात. मला बोर्ड वाचण्यापुरतं कन्नड येतं, त्यापुढं नाही. मी चष्मा पुसतोय हे बघून तो म्हणाला, "कन्नडचं आम्ही बघतो की मामा, तुम्ही नुसती सही करा. हेस्कॉमचा फॉर्मच आहे."

सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं, ते बाहेरच्याला कळणार नाही. आयुष्यभर प्रत्येक कचेरीत कागद पुढं सरकवून 'जरा बघा की, काय लिहिलंय' म्हणत आलेलो आम्ही. कुणीतरी आपल्या भाषेत म्हणतंय, तुम्ही काळजी करू नका. मी सही केली. फोनवर आलेले चार ओटीपी वाचून दाखवले. चाळीस हजार फोनपेवर पाठवले, तेही कंपनीच्या खात्यात नाही, एका माणसाच्या नंबरवर. पावती 'सिस्टीममधून येईल' म्हणाला.

जानेवारीत पॅनेल आले. चार मजुरांनी एका दिवसात बसवले, आणि बसवले पश्चिमेच्या कोपऱ्यात, कारण वायर कमी लागते. त्या बाजूला शेजारच्या प्लॉटवर चार मजली अपार्टमेंट उभं राहिलंय. दुपारी अडीचनंतर त्याची सावली आमच्या गच्चीवर. एका माळेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली आली तरी सगळ्या माळेची वीज घसरते, हे मला नंतर कळलं. अर्थिंगसाठी तीन वेगळे खड्डे लागतात, डीसी म्हणजे पॅनेलच्या बाजूला एक, एसी म्हणजे घराच्या बाजूला एक आणि आकाशातली वीज अडवणाऱ्या वीजरोधकाला एक. आमच्याकडं एक वायर पाण्याच्या पाईपला गुंडाळली होती. ती मात्र मला तेव्हाच खटकली. विचारलं, तर म्हणाला, 'टेंपरवारी आहे मामा.'

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी करंट गेला. आम्ही सगळे उजेडाची वाट बघत बसलो. अंधारच. बॅटरी नसलेलं सोलर लाईनचा करंट गेला की आपोआप बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. दिवसा गेला तरी तेच. फोन केला, तर 'सेटिंग करायला माणूस पाठवतो'.

फेब्रुवारीचं बिल आलं, ३४० युनिट.

मी दोनदा वाचलं. सोलर लावून वीज वाढली. सेक्शन ऑफिसात गेलो, तिथल्या लाईनमननं घरी येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. नेट मीटर नव्हताच. जुन्या मीटरला वीज आत येतेय की बाहेर जातेय याचं सोयरसुतक नाही, दोन्ही वापर म्हणूनच धरतो. म्हणजे दुपारभर माझ्या गच्चीवर तयार झालेली वीज मी हेस्कॉमला फुकट देत होतो आणि वर तिचे पैसेही मीच भरत होतो. परवानगीशिवाय लाईनला जोडलंय, आधी बंद करा, नाहीतर दंड बसेल, असं तो म्हणाला. लगेच स्विच पाडला.

पोर्टलवर आमच्या आर.आर. नंबरचा (वीज जोडणीचा नंबर) अर्ज होता, पण त्यावर मोबाईल त्याचा. पुढं काही सरकलंच नव्हतं. मीटर अजून वडिलांच्या नावावर, वडील जाऊन नऊ वर्षं झाली, आधार आणि बँक खातं माझं. नाव बदलल्याशिवाय अर्ज पुढं जात नाही. हे एक साधं काम, ते त्यानं केलं नाही आणि मला सांगितलंही नाही. पॅनेलही देशी बनावटीच्या सेलचे नव्हते. मागचे सिरियल नंबरचे स्टिकर खरवडलेले. तसल्या पॅनेलांना सबसिडी मिळतच नाही, म्हणजे ७८,००० कधी येणारच नव्हते.

आणि लोन? ५ तारखेला खात्यातून ६,३१० रुपये गेले. सरकारी बँका या योजनेला सहा-सात टक्क्यांच्या आसपास कर्ज देतात. माझं होतं एका खाजगी फायनान्सचं, १४ टक्के, तेही फ्लॅट, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरसुद्धा शेवटपर्यंत व्याज. ३६ हप्ते, एकूण २,२७,१६०. त्यांच्या ऑफिसात जाऊन म्हटलं, काम अर्धवट आहे, पैसे त्याला कसे दिले? त्यांनी फाईल उघडली आणि माझीच सही दाखवली. तेच कन्नड पान.

झेरॉक्स घेऊन घरी आलो. धाकटी नववीत आहे, मराठी शाळेत, पण कन्नड तिला सक्तीचा विषय आहे. तिच्यापुढं कागद ठेवला. तिनं बोट ठेवून वाचलं, 'केलस पूर्णगोंडिदे'. काम पूर्ण झालं आहे, आपण समाधानी आहोत, रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा करावी. खाली माझी सही, तारीख नोव्हेंबरची. पॅनेल जानेवारीत आले.

"बाबा, मी त्या दिवशी आतल्या खोलीत अभ्यासच करत होते की," ती म्हणाली.

नंतरची धावपळ थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात फारसं हाती लागलं नाही. १९३० या सायबर क्रमांकावर फोन केला. पैसे गेल्यावर लगेच कळवलं तर ते वाटेत अडवता येतात, मी तीन महिन्यांनी कळवत होतो. पोलिसांनी तक्रार घेतली, पण हा व्यवहारातला वाद आहे असं तोंडी ऐकवलं. जिल्हा ग्राहक आयोगात केस घातलीय, पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. त्याचा फोन मार्चपासून बंद. ओळखपत्रावरच्या पत्त्यावर गेलो, तिथं टायर पंक्चरचं दुकान. हप्ता थांबवला तर माझं सिबिल बिघडेल आणि पुढं कर्ज मिळणं अवघड होईल, म्हणून भरतोय.

आता ज्यानं जीव जळतो ते सांगतो. तो लाईनमन जाता जाता वर बघून म्हणाला होता, "पंखे लय जुने आहेत तुमचे." जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. पाच पंखे, रोज बारा तास, ४५ वॅटची बचत, महिन्याचे झाले ८१ युनिट. २२५ मधून वजा केले तर १४४. १८७ च्या कितीतरी आत. पाच पंखे मला १४,५०० ला पडले. मे महिन्याचं बिल शून्य आलं. सोलर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ज्यांचा वापर तीनशे-चारशे युनिट आहे, गच्चीवर दिवसभर ऊन आहे, त्यांना ते परवडतं. पण ज्याचं बिल गृहज्योतीत मुळात शून्य आहे किंवा थोडक्यानं हुकतंय, त्याला सोलर विकणारा माणूस त्याचं बिल बघतच नसतो, दुसरंच काहीतरी बघत असतो.

मीटर माझ्या नावावर करून घेतलाय. पॅनेल गच्चीवर पडून आहेत, त्यांच्या सावलीत बायको लोणच्याच्या बरण्या ठेवते.

गेल्या आठवड्यात येळ्ळूरहून जुन्या कारखान्यातल्या एका सोबत्याचा फोन आला. त्यांच्याकडं सोलरवाला आलाय, आपल्यातलाच आहे, बोलायला लय चांगला, लेझीम खेळतो म्हणे. मी विचारलं, सही केलीस काय? म्हणाला, कागद ठेवून गेलाय, उद्या येतो म्हणालाय.

धाकटीला गाडीवर मागं बसवून त्याच संध्याकाळी निघालो.